सोलर पंपाच्या पॅनलवर गाडी चार्ज करू द्या: मुख्यमंत्री, परिवहन मंत्री अन् विदर्भातल्या आमदार-खासदारांना खुलं पत्र

मा. मुख्यमंत्री साहेब, मा. परिवहन मंत्री साहेब, अन् विदर्भातल्या सगळ्या आमदार-खासदार साहेबांना नमस्कार.

मी वणी तालुक्यातला कास्तकार आहे. कपाशी, सोयाबीन, तूर, अन् विहिरीनं साथ दिली तर थोडा हरभरा. सध्या बॅटरीच्या गाड्यांच्या सबसिडीवरून गावोगाव वाद चालू आहे, पानठेल्यावर बसा का सलूनमध्ये, विषय निघतेच. एक म्हणते सबसिडी बंद करा, शहरातल्या कारवाल्यांना आमच्या टॅक्सचा पैसा कायले, दुसरा म्हणते पेट्रोल शंभराच्या वर गेलं, आता नाही तर कधी. मुख्यमंत्री साहेब, तुम्ही नागपूरचे आहात अन् ऊर्जा खातं पण तुमच्याचकडे आहे, म्हणून हे थेट तुम्हाला लिहितो. सबसिडी बंद करू नका, पण ती जिथं देता ती जागा बदला. आमच्या वावरात सरकारच्याच पैशानं उभे केलेले सोलर पॅनल वर्षातले कितीतरी महिने नुसते उन्हात तापत उभे आहेत, त्यावर आम्हाला गाडी चार्ज करू द्या. बाकीचं सगळं पत्र याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी सबसिडीचं सांगतो. बॅटरीच्या गाड्यांना सूट देणारी केंद्राची फेम-२ योजना २०१९ ला आली, दहा हजार कोटींची. जून २०२१ मध्ये टू-व्हीलरची सबसिडी बॅटरीच्या दर किलोवॅट-अवरला (म्हणजे एका युनिटला) १५,००० रुपये केली, गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत. म्हणजे तीन किलोवॅट-अवरची बॅटरी असली तर ४५,००० पर्यंत सूट. त्या वेळेस आमच्या तालुक्यात अशी गाडी बघायला पण भेटत नव्हती, शोरूम होते ते नागपूर-पुण्याले. मग जून २०२३ मध्ये ती १०,००० वर आणली अन् मर्यादा ४० वरून १५ टक्के केली. मार्च २०२४ मध्ये फेम-२ संपली, ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राईव्ह आली, त्यात दर किलोवॅट-अवरला पहिल्यांदा ५,००० अन् २०२५-२६ साठी अडीच हजार, म्हणजे त्या वर्षी गाडीमागे जास्तीत जास्त ५,००० रुपये. आता कुठं आमच्याकडे गावात दोन-चार गाड्या दिसायला लागल्या, लोक विचारपूस करायला लागले, तर सूट पंचेचाळीस हजारावरून पाच हजारावर आलेली. गाड्या स्वस्त होत जाणार म्हणून सबसिडी हळूहळू कमी करायची हे धोरण मला समजते, त्यात चूक नाही. पण गावात गाडी पोचायलाच चार वर्षं लागत असतील तर जास्तीची सूट शहरातच वाटून संपते, हे धोरण लिहिणाऱ्यानं आधीच धरायला पाहिजे होतं.

इनकम टॅक्समध्ये ८०-ईईबी नावाचं कलम होतं, ईव्हीच्या कर्जावरच्या व्याजाला दीड लाखापर्यंत सूट, २०१९ ते २०२३ मधल्या कर्जांना. शेतीच्या उत्पन्नाला इनकम टॅक्सच नाही तर कास्तकाराला त्या सुटीचा काय उपयोग? राज्याचं २०२५ चं ईव्ही धोरण आलं, त्यात समृद्धी महामार्गावर ई-कारला टोल माफ. समृद्धी ७०१ किलोमीटरचा, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलडाणा असा आमच्या विदर्भातूनच जाते, कित्येक कास्तकारांच्या जमिनी त्यात गेल्या, पण त्या रस्त्यावर टू-व्हीलरला चढायचीच परवानगी नाही. ज्याच्याकडे बॅटरीची कार आहे त्याला टोल माफ, अन् ज्याची ऐपत फक्त स्कूटरची आहे त्याच्यासाठी तो रस्ताच नाही. ई-कारवाल्यावर माझा राग नाही, त्यानं धूर कमी केला, चांगलंच केलं. पण माफीत गेलेला पैसा अन् गावात चार्जिंगच्या सोयीसाठी लागणारा पैसा एकाच तिजोरीतून निघते, म्हणून आधी कुठं लावायचा हे विचारायचा आम्हाला हक्क आहे.

त्याच धोरणात टू-व्हीलरला दहा टक्के, जास्तीत जास्त दहा हजार सूट आहे, मोटार वाहन कर माफ आहे, महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशनचं ठरवलं आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण आमचा माणूस महामार्गावर थोडाच राहते? त्याचं जाणं-येणं घर ते वावर, वावर ते तालुका, जिनिंगवर, बँकेत, पोरीला कॉलेजात सोडायला. दिवसाचे तीस-चाळीस किलोमीटर. एवढ्या अंतराला बॅटरीची गाडी अगदी बरोबर बसते, शहरापेक्षा जास्त बरोबर बसते असं मी म्हणतो. चाळीस किलोमीटरला पेट्रोलच्या गाडीत पंचाहत्तर-ऐंशी रुपये जातात अन् बॅटरीच्या गाडीत विजेचे पंधरा-वीस. ज्या घरात महिन्याचा नगदी पैसा फक्त दुधाचा नाहीतर मजुरीचा येते त्या घरासाठी हा फरक लहान नाही.

मग लोक घेत का नाहीत? त्यांना बॅटरीची भीती वाटते असं शहरात म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. २०२२ मध्ये गाड्या पेटल्या होत्या तेव्हा भीती होती, पण त्याच्यानंतर बॅटरीचे नियम कडक केले, लोकांनाही ते माहीत झालं. खरी अडचण लाईनची आहे. संध्याकाळी घरी आलो की व्होल्टेज इतकं पडते की पंखा धड फिरत नाही, त्यात चार्जर लावला की चार्जरच बंद पडते, डीपी जळाली तर कधी बदलून भेटेल सांगता येत नाही. उन्हाळ्यात ४५-४६ डिग्रीत सगळ्यांचे कूलर चालू राहतात तेव्हा तर विचारूच नका. अन् लाईन आली तरी बिलाचं गणित आहे. आमच्याकडे घरगुती बिल १०० युनिटच्या आत ठेवायची सगळ्यांची धडपड राहते कारण १०० च्या वर गेलं की वरच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होते. ज्या घराचं महिन्याचं वापरणं ऐंशी युनिट आहे त्या घरात स्कूटर आली की महिन्याला चाळीसेक युनिट वाढते, म्हणजे घर शंभरच्या वर गेलंच. सरकार एका हातानं गाडीवर सूट देते अन् दुसऱ्या हातानं दर महिन्याच्या बिलात स्लॅब वाढवून घेते. पेट्रोलपेक्षा तरी स्वस्तच पडते हे मी आत्ताच सांगितलं, पण बिलाचा आकडा बघून घरातली म्हातारी माणसं म्हणतात, नको बाप्पा ही भानगड.

दुरुस्तीचं एक सांगतो. माझ्या पुतण्यानं कर्ज काढून बॅटरीची स्कूटर घेतली, गाडी चांगली होती, काही महिन्यांनी तिच्यातला कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सांभाळून देणारा भाग, गेला. तालुक्यात कोणालाच उघडता येईना, कंपनीचा लॉक, शेवटी टेम्पोत टाकून जिल्ह्याच्या ठिकाणी नेली, पार्ट येईस्तोवर महिना गेला, तोवर पोरगं लोकांच्या गाडीवर बसून कामाले जात होतं. त्याच्यानंतर आमच्या आळीत तिघांनी ठरवलेली गाडी रद्द करून पेट्रोलची घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये पेट्रोलच्या टू-व्हीलरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, बॅटरीच्या गाडीचा आधीपासून ५ टक्केच आहे, म्हणजे किमतीतला फरक पण तेवढा कमी झाला. तालुक्याच्या आयटीआयमध्ये बॅटरी-कंट्रोलरचं काम शिकवलं अन् दोन पोट्टे तालुक्याला बसवले तर हजार गाड्यांच्या सबसिडीपेक्षा जास्त फरक पडेल, हे मी डोळ्यानं बघितल्यावरून म्हणतो.

आता पॅनलचा मुद्दा.

सरकारच्या सगळ्या स्वच्छ ऊर्जेच्या योजनांमध्ये सोलर पंपाची योजना आमच्या सगळ्यात कामी आली, हे मनापासून सांगतो. मागेल त्याला सौर कृषी पंप, कास्तकाराचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्याच्यावर साडेसात. ज्यानं रात्रीच्या लाईनवर ओलीत केलं आहे त्यालाच तिची किंमत माहीत. पांढरकवडा-राळेगाव भागात २०१८ पर्यंत टी-१ वाघिणीची काय दहशत होती ते सगळ्या महाराष्ट्रानं पेपरात वाचलं, आम्ही त्या दिवसांत रात्री मोटर चालू करायला चार जण मिळून जात होतो, अन् रानडुकरं तर आजही आहेतच. दिवसा उन्हावर मोटर चालते म्हणजे माणूस संध्याकाळी घरी जिवंत येते. म्हणून कोणी मला म्हणलं की सबसिडी म्हणजे पैशाची नासाडी, तर मी त्याला वावरात नेऊन पंप दाखवतो.

पण त्या पंपाचं वर्ष कसं जाते ते बघा. जून ते सप्टेंबर पाऊस, पाणी द्यायची गरज नाही, मधात ताण पडला तर चार-आठ दिवस. ऑक्टोबरपासून कपाशीला, मग हरभरा-गव्हाला, फेब्रुवारी-मार्चपर्यंत पंप जोरात. त्याच्यानंतर विहीर तळाला जाते. एप्रिल-मे मध्ये, जेव्हा विदर्भात देशातलं सगळ्यात कडक ऊन राहते, चंद्रपूर-ब्रह्मपुरी-अकोल्याचे आकडे टीव्हीवर दाखवतात, तेव्हा विहिरीत पाणीच नाही अन् पॅनल रिकामे. ५ एचपीच्या पंपाला जवळपास पाच किलोवॅटचे पॅनल आहेत, चांगल्या उन्हात दिवसाला वीस युनिटच्या आसपास वीज बनू शकते. एका स्कूटरला पोटभर चार्ज व्हायला तीन-साडेतीन युनिट लागते. म्हणजे एका पंपाच्या पॅनलवर पाच-सहा घरच्या गाड्या रोज चार्ज होऊ शकतात, अन् सध्या ती सगळी वीज वाया जात आहे, कारण पॅनल अन् मोटरच्या मधातल्या कंट्रोलरमधून फक्त मोटरलाच वाट आहे.

दुसरी वाट काढायची सोय आहे, हे मी मनानं सांगत नाही. युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर म्हणून यंत्र येते, केंद्राच्या सोलर पंपाच्या कुसुम योजनेत त्याची तरतूद आहे, मोटर बंद असली की त्याच पॅनलवर कडबा कुट्टी चालते, पिठाची चक्की चालते, बॅटरी चार्ज होते. मग आमच्या पंपांसोबत तो सरसकट का येत नाही? अन् ज्यांना साधा कंट्रोलर बसला त्यांनी काही जोडायचं म्हटलं तर पाच वर्षांची देखभालीची हमी आहे, हात लावला तर हमी जाईल, अशी भीती. म्हणून कोणी धाडस करत नाही. काही पोट्टे आपल्या मनानं वायर काढून जुगाड करतात, ते धोक्याचं आहे, डीसी करंट आहे, जीव जाईल कोणाचा तरी. सरकारनं नीट सॉकेट देऊन, नीट परवानगी देऊन हे केलं तर जुगाडाची वेळच येणार नाही.

काही जण म्हणतील वावर गावापासून दोन-तीन किलोमीटर, गाडी तिथं ठेवणार कोण. माणूस सकाळी वावरात जाते ते गाडी घेऊनच जाते ना, दुपारभर गाडी बाभळीखाली उभीच राहते, तेवढ्यात चार्ज होते. रस्त्याच्या बाजूच्या वावरात शेड टाकून बचत गटाच्या बायांना चार्जिंगचं काम दिलं तर आजूबाजूच्या गाड्यांचे पैसे त्यांना भेटतील. काढता येणारी बॅटरी असली तर आणखी सोपं, पण मग सगळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या एकमेकांच्या गाडीत बसल्या पाहिजेत, आज प्रत्येकाचं प्लगच वेगळं. सरकारी सूट पाहिजे असेल तर प्लग एकसारखा ठेवा, अशी अट कंपन्यांना घालता येते, सूट देणाऱ्याच्या हातात तेवढी ताकद राहते.

माझे एक मित्र आहेत, मास्तर होते, रिटायर झाले. ते म्हणतात अरे ईव्ही म्हणजे धोका आहे, वीज कोळशावरच बनते, पेट्रोलचा धूर काय अन् कोळशाचा काय. त्यांचं म्हणणं मी हलकं समजत नाही, कारण तो कोळसा आमच्याच तालुक्यातून निघते. वणीच्या खाणींतले ट्रक दिवसरात्र चालतात, रस्त्याच्या बाजूच्या कपाशीवर काळी धूळ बसते, वेचलेला कापूस काळसर दिसते अन् व्यापारी भाव पाडते. चंद्रपूरचं थर्मल वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, तिरोड्याचं ३,३०० चं, कोराडी, खापरखेडा, मौदा, पारस, अमरावतीजवळचं नांदगाव पेठ, यांचा सगळा कोळसा जळते तो विदर्भातच अन् राख पण इथंच पडते. पुण्या-मुंबईची गाडी बॅटरीवर गेली तर तिथला धूर कमी होते, त्या गाडीच्या विजेचा बराच कोळसा मात्र आमच्या दाराशी जळते. बॅटरीची गाडी पूर्ण आयुष्यात धरली तर कोळशाच्या विजेवर पण पेट्रोलपेक्षा कार्बन कमीच सोडते, हे मी मास्तरांना सांगतो अन् ते खरं आहे, पण त्यातलं प्रदूषण कोणाच्या अंगणात पडते हे त्या हिशेबात येत नाही. म्हणूनच मी पॅनलवर चार्जिंगचा हट्ट धरतो. वावरातल्या उन्हावर चार्ज झालेल्या गाडीसाठी वणीतून एक टोपलं कोळसा काढावा लागत नाही. अन् ज्या जिल्ह्यांनी इतकी वर्षं धूळ खाल्ली त्यांना स्वच्छ ऊर्जेच्या पैशात पहिला नंबर भेटायला पाहिजे, हे मी मागणी म्हणून लिहितो.

इथेनॉलबद्दल पण बोलायलाच लागेल, कारण गडकरी साहेब आमच्याच नागपूरचे अन् त्यांचा या विषयावर जीव आहे, कास्तकार ऊर्जादाता झाला पाहिजे असं ते नेहमी म्हणतात. विचार चांगला आहे. पण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायच्या धोरणातून विदर्भाच्या कास्तकाराला काय भेटलं ते एकदा मोजा. उसाचा पैसा ऊसवाल्या पट्ट्यात गेला, आमच्याकडे ऊस किती? मक्यापासून इथेनॉल वाढलं तर कारखान्यात जो चोथा उरते, डीडीजीएस म्हणतात त्याला, तो कोंबड्या-ढोरांच्या खाद्यात स्वस्तात जायला लागला, त्यामुळे सोयाबीनच्या डीओसीची, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीची, मागणी पडली, अन् तेलासोबत डीओसीवरच तर सोयाबीनचा भाव चालते. भाव पडायला बाहेरून येणारं तेल अन् बाकी कारणं पण आहेत, सगळं इथेनॉलवर ढकलत नाही. पण २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता अन् बाजारात त्याच्या खाली विकायची पाळी आली, त्यात स्वच्छ इंधनाच्या धोरणाचाही वाटा आहे, हे मंत्रालयात कोणीतरी कागदावर मांडायला पाहिजे. आमच्या जुन्या मोटरसायकलचं ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी कमी होईल हे नीती आयोगाच्या २०२१ च्या रिपोर्टातच लिहिलं होतं. सोयाबीनचा भाव कमी अन् गाडीला पेट्रोल जास्त, दोन्हीकडून कास्तकारच भरते.

आमच्याकडे आहे ती पऱ्हाटी अन् तुराट्या, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळलेल्या काड्या. फेब्रुवारी-मार्च मध्ये उपटून धुऱ्यावर ढीग लागतात, थोड्या चुलीत जातात, बाकी पेटवून देतात. थर्मलमध्ये कोळशासोबत पाच टक्के बायोमास पेलेट (काडीकचरा दाबून बनवलेल्या गोळ्या) जाळायचं केंद्राचं धोरण २०२१ पासून आहे. थर्मल आमच्याच शेजारी, पऱ्हाटी आमच्याच वावरात, मधात फक्त कुट्टी करून पेलेट बनवणारं यंत्र अन् वाहतूक पाहिजे. ई-कारच्या टोलमाफीच्या तुलनेत हे किती पैशाचं काम आहे?

ई-ट्रॅक्टरवर पण राज्याच्या धोरणात सूट ठेवली आहे. आमच्या भागात अजून मी एक पण चालताना पाहिला नाही. काळ्या मातीत, पाऊस पडून गेल्यावर, नांगरटीत तो किती तास टिकते हे कोणी सांगत नाही तोवर कोणता कास्तकार लाखो रुपये घालेल? अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे जमीन आहे, शास्त्रज्ञ आहेत, वेगवेगळ्या जिल्ह्यांत केंद्रं आहेत. त्यांना चार ट्रॅक्टर द्या, एक पूर्ण हंगाम चालवू द्या, डिझेलच्या बाजूला ठेवून खर्च मोजू द्या, अन् निकाल चांगला येवो का वाईट, मराठीत छापा.

कर्जाचं राहिलं. शोरूमवाले दर महिन्याचा हप्ता मागतात. कास्तकाराच्या हातात पैसा येते कापसाचा चुकारा भेटल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, नाहीतर सोयाबीनचा दिवाळीच्या आसपास. वर्षातून दोन हप्त्यांत फेडायची सोय सोसायटीमार्फत, जिल्हा बँकेमार्फत द्या, व्याजावर सूट द्या. पाच हजाराच्या सुटीपेक्षा याच्यानं जास्त गाड्या विकल्या जातील, कारण घेणारा तयार आहे, त्याला फक्त हप्त्याचा महिना जुळत नाही.

डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनाला तुम्ही सगळे नागपूरला येता. तिथं एवढं तरी करा. नवीन सोलर पंपांच्या टेंडरमध्ये युनिव्हर्सल कंट्रोलर अन् चार्जिंगचं सॉकेट सक्तीचं करा. जुन्या पंपांना तो बसवायला सबसिडी द्या, अन् तो बसवल्यानं हमी जाणार नाही असं परिपत्रक काढा, कास्तकाराच्या हातात कागद द्या. घरी चार्जिंगला लागणारे युनिट स्लॅबमध्ये धरू नका. तालुक्याच्या आयटीआयमध्ये कोर्स सुरू करा.

अन् सगळ्या राज्यात करायच्या आधी आकडे पाहिजे असतील तर प्रयोग वणी, मारेगाव अन् झरी या तीन तालुक्यांत करा, कोळसा पण इथंच आहे अन् कपाशी पण इथंच आहे. माझ्या वावरातला ५ एचपीचा पंप मी त्यासाठी द्यायला तयार आहे. मीटर तुमचं लावा, एप्रिल-मे मध्ये विहीर आटलेली राहते तेव्हा किती युनिट बनले, किती गाड्या चार्ज झाल्या, किती पेट्रोल वाचलं ते मोजा, अन् तो आकडा दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा.

आपला,
एक कास्तकार
वणी तालुका, जि. यवतमाळ